फेअरवेल रस्त्याच्या कोपऱ्यावर

न्यूपोर्ट हे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, ऱ्होड आयलंड राज्यातलं बंदराचं गाव. तिथला फेअरवेल नावाचा रस्ता जुन्या दफनभूमीकडे जातो. हा रस्ता मार्लबरो रस्त्याला जिथे मिळतो, त्या कोपऱ्यावर तांबड्या रंगाचं एक लाकडी घर आहे. आडव्या फळ्यांच्या भिंती, दुहेरी उताराचं छप्पर आणि दाराबाहेर पांढऱ्या घोड्याची पाटी. आत जाड तुळया डोक्याशी येतात, विस्तवाच्या चुलाणात माणूस उभा राहील एवढी जागा, आणि धुराड्याला चिकटून वर जाणारा जिना असा की खांदे आवरून चढावं. हे व्हाइट हॉर्स टॅव्हर्न. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या टॅव्हर्नमध्ये त्याची गणना होते.

फ्रान्सिस ब्रिनलीनं १६५२ मध्ये हे घर राहण्यासाठी बांधलं. १६७३ मध्ये, रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, ते विल्यम मेझ नावाच्या गृहस्थाकडे गेलं. त्यानं ते वाढवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खाण्यापिण्याची सोय केली. गाव तेव्हा पस्तिशीतही आलं नव्हतं. सरकार होतं, पण सरकारला बसायला जागा नव्हती. ऱ्होड आयलंड या इंग्रज वसाहतीची विधानसभा, फौजदारी न्यायालय, नगरपरिषद यांच्या बैठका या घरात होत, आणि परिषदेच्या सभासदांच्या जेवणाचा खर्च गावाच्या तिजोरीतून दिला जाई असं तिथे परंपरेनं सांगतात. आपल्याकडच्या चावडीचं सगळं कामकाज इथे चालत होतं, फक्त या चावडीला स्वयंपाकघर होतं. ज्या बाकावर सकाळी निवाडा व्हायचा, त्याच बाकावर संध्याकाळी खलाशी येऊन बसायचे. विटांचं स्वतंत्र कॉलनी हाउस उभं राहायला अठरावं शतक जवळजवळ निम्मं सरावं लागलं. लोकशाहीचा जन्म सभागृहात झाला असं आपण समजतो. मला मात्र तिची सुरुवात अशा धुरकट, अन्नाच्या वासानं भरलेल्या खोलीतच दिसते, कारण एका ताटावर बसलेल्या माणसांना एकमेकांचं ऐकावंच लागतं.

या घराची सर्वांत आवडीनं सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे धाकट्या विल्यम मेझची. बापाचं टॅव्हर्न चालवायला घेण्याआधी तो समुद्रावर चाचा होता. १७०२ मध्ये तो लूट घेऊन परतला, गावानं त्याला हसतमुखानं घरात घेतलं आणि कडक दारू विकण्याचा परवाना दिला, अशी ती गोष्ट. इंग्लंडच्या अधिकाऱ्यांना ही वसाहत म्हणजे चाच्यांचं आश्रयस्थान वाटे, आणि तसं ते लंडनला लिहूनही कळवत. जेवणाऱ्यांना ही गोष्ट गोड लागते. पण आपण पश्चिम किनाऱ्याची माणसं. ही गोष्ट ऐकताना आपल्याला तिचं दुसरं टोक माहीत असायला हवं, कारण ते आपल्या समुद्रात आहे.

१६९५ च्या उन्हाळ्यात तांबड्या समुद्राच्या तोंडाशी सहा जहाजं दबा धरून बसली होती. हेन्री एव्हरी त्यांचा म्होरक्या. न्यूपोर्टचा थॉमस ट्यू त्यांच्यात होता आणि ‘पर्ल’ जहाजाचा कप्तान, हाच धाकटा विल्यम मेझही. त्यांची नजर मक्केहून सुरतेला परतणाऱ्या मोगल जहाजांवर होती. पाठलाग लांबत आपल्या किनाऱ्याच्या दिशेनं आला. आधी ‘फतेह मुहम्मद’ सापडलं, त्या झटापटीत ट्यू मेला. मग सप्टेंबरात औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’. त्याची एक तोफ आपल्याच माणसांत फुटली आणि एव्हरीची माणसं वर चढली. पुढचे काही दिवस जहाजावर जे झालं ते मोगल इतिहासकार खाफीखानानं लिहून ठेवलं आहे: हाजींचे हाल, बायकांवरचे अत्याचार, अब्रूसाठी समुद्रात उड्या टाकणाऱ्या स्त्रिया. लुटीचा आकडा त्यानं ५२ लाख रुपये दिला आहे. ही वाटणी झाली तेव्हा मेझच्या लोकांनी सोन्याची नाणी कातरली, म्हणून एव्हरीनं त्यांचा वाटा काढून घेतला आणि शिधासामग्रीपुरते दोन हजार स्पॅनिश डॉलर दिले, असं त्याच्याच एका साथीदाराच्या जबानीत आहे.

बातमी सुरतेत पोचली तेव्हा गाव खवळलं. चाचे इंग्रज, म्हणून वखारीतले इंग्रज बेड्यांत पडले, त्यांचा प्रमुख सॅम्युएल ॲन्स्ले धरून. मुंबईचे इंग्रज आपल्या किल्ल्यावर हल्ला होईल म्हणून धास्तावले. खुद्द बादशहा तेव्हा भीमेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या छावणीत मराठ्यांशी झुंजत होता. त्याच वर्षाअखेरीस दोड्डेरीला संताजी घोरपड्यांनी त्याच्या कासिमखानाला कोंडून हरवलं. जमिनीवर मराठे आणि समुद्रावर चाचे, अशा दोन्हीकडून वाईट खबरा येणाऱ्या त्या छावणीतल्या कुणाला न्यूपोर्ट हे नावही ठाऊक नसणार. २०१४ मध्ये न्यूपोर्टला लागूनच असलेल्या मिडलटाउनच्या एका शेतात, १६९३ मध्ये येमेनमध्ये पाडलेलं चांदीचं नाणं सापडलं. तसली आणखी नाणी नंतर आसपासच्या राज्यांतही निघाली. ती एव्हरीच्या माणसांबरोबर आली असावीत असं मानलं जातं.

मेझनंतर घर लेकीच्या बाजूनं निकोल्स घराण्यात गेलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८९५ पर्यंत त्यांच्याकडे राहिलं. जोनाथन निकोल्सनं १७३० मध्ये त्याला पांढऱ्या घोड्याचं नाव दिलं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही पाटी ओळखता यावी म्हणून तेव्हाच्या मद्यालयांवर चित्रं असत.

त्या पाटीखाली पाजली जाणारी रम मात्र साधी नव्हती. कॅरिबियन बेटांवरून उसाची काकवी यायची, न्यूपोर्टच्या भट्ट्यांत तिची रम व्हायची, रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची आणि तिथे तिच्या बदल्यात माणसं घेतली जायची. ती माणसं बेटांवरच्या मळ्यांत विकली की पुन्हा काकवी. एकट्या ऱ्होड आयलंडच्या व्यापाऱ्यांनी अशी ९०० हून अधिक जहाजं आफ्रिकेला धाडली आणि लाखाहून जास्त माणसं गुलाम करून आणली. फेअरवेल रस्त्यानं दफनभूमीत गेलं की एका भागात आफ्रिकन माणसांचे दगड आहेत. ज्यांच्या श्रमावर ते गाव श्रीमंत झालं त्यांची नावं तिथे कोरलेली सापडतात, म्हणून मला त्या जागेचं मोल टॅव्हर्नइतकंच वाटतं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या डिसेंबरात, ब्रिटिश फौजेनं गाव ताब्यात घेतलं. या घरात भाडोत्री जर्मन सैनिक उतरवले. घराचा तेव्हाचा मालक वॉल्टर निकोल्स त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहायला तयार नव्हता. तो कुटुंबाला घेऊन गाव सोडून गेला. थंडीत जळणासाठी सैनिकांनी शेकडो घरं मोडली, पण हे वाचलं. युद्ध संपल्यावर वॉल्टर परतला, त्यानं घर वाढवलं आणि आज दिसतं ते दुहेरी उताराचं छप्पर चढवलं. गावाचा व्यापार मात्र परत आला नाही.

विसाव्या शतकात ते भाड्याच्या खोल्यांचं घर झालं. खोल्या भाडेकरूंनी भरल्या, भिंती खंगल्या. देशभर दारूबंदी आली आणि गेली. ती आणणाऱ्या घटनादुरुस्तीला या राज्यानं मंजुरी दिली नव्हती, पण तेव्हा इथे पेला भरायला कुणी नव्हतंच. १९५२ मध्ये व्हान ब्यूरेन कुटुंबाच्या देणगीतून न्यूपोर्ट काउंटीच्या जतन संस्थेनं घर घेतलं. गिलाव्याखालच्या तुळया मोकळ्या केल्या, बुजलेली चुलाणं उघडली, आणि १९५७ मध्ये ते पुन्हा उपाहारगृह म्हणून सुरू झालं. जुनं घर संग्रहालय करून दोरीपलीकडे ठेवणं सोपं असतं. या लोकांनी त्यात पुन्हा चूल पेटवली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. वास्तू वापरात राहिली तरच तिचा इतिहास कुणी विचारतो.

म्हणून त्या घरात चाच्याची गोष्ट जरूर सांगावी. फक्त ती धाकटा मेझ बंदरात उतरला तिथून सुरू करू नये. सुरतेच्या धक्क्यावर हाजींची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांपासून सुरू करावी, मग न्यूपोर्टच्या भट्ट्यांवर यावं, तिथून दफनभूमीतल्या त्या दगडांपाशी, आणि त्यानंतर खुशाल पेले भरावेत.