तेव्हा तू कुठं होतीस?

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. भाजलेल्या लेकराच्या बातम्या किती दिल्या, मोजल्या नाहीत. साचा ठरलेला. 'उकळत्या पाण्यात पडून चिमुकला गंभीर', खाली चार ओळी, आणि बरेचदा त्यात 'आईचे दुर्लक्ष झाल्याने' हे तीन शब्द. माहिती शेजाऱ्यांची नाहीतर पोलिसांची. आईला मी कधीच विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी तेच झालं. अंघोळीचं कढत पाणी बादलीत ओतलं आणि विसाणाला कळशी आणायला ती वळली. भाचा तीन वर्षांचा. छाती, पोट, डावा हात. तालुक्याच्या दवाखान्यातून थेट पुण्याला.

जळीत वॉर्डात जंतुसंसर्गाच्या भीतीनं कुणाला फारसं आत सोडत नाहीत. ड्रेसिंगच्या वेळी पोराचं ओरडणं बाहेर ऐकू यायचं. बहीण भिंतीला डोकं टेकून उभी. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा, "अगं, तेव्हा तू कुठं होतीस?" पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी जेवण सोडलं.

दाजींना कुणी काहीच विचारलं नाही. गिझर घ्यायचं त्यांनी दिवाळीपर्यंत लांबवलं होतं. ते पार्किंगमध्ये जाऊन एकटेच बसायचे, हे मला फार उशिरा कळलं. आणि सहा वर्षांची भाची? तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आजीकडं ठेवलेली ती पोर रात्री अंथरूण ओलं करायला लागली, तर तिलाच रागावलो आम्ही.

पहिल्यांदा नीट बोलल्या त्या हॉस्पिटलातल्या समाजसेवा अधीक्षक. हे पद ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत असतं, आपल्याला ठाऊक नसतं एवढंच. महात्मा फुले योजनेच्या कागदांसाठी गेलो होतो. बाईंनी आधी बहिणीला विचारलं, "जेवलात का?" मग दुसऱ्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका मुलाच्या आईशी गाठ घालून दिली. दोघी तासभर जिन्यात बसल्या. त्या संध्याकाळी बहीण अर्धी पोळी खाल्ली. 'दुखणार नाही' असं खोटं मुलाला सांगू नका, दुखेल पण मी इथंच आहे म्हणा, हेही बाईंनीच शिकवलं.

घरी आल्यावर खरं सुरू होतं. व्रण वाढू नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे कपडे दिवसाचे तेवीस तास, महिनोन्‌महिने. रात्रभर खाज. मूल वाढतं, पण भाजल्याचा व्रण त्याच्याबरोबर तेवढा ताणला जात नाही, म्हणून पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. आणि गाव विचारतं, "आता बराय ना?"

आम्ही पत्रकारही तसेच. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळं गेली. मदत, चौकशी, सगळं छापून आलं. त्या घरांतल्या आया पुढं कशा जगल्या, याची किती बातमी झाली?

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर डबा द्या. दुसऱ्या मुलाला चार दिवस घरी न्या. ड्रेसिंगला पुण्याला जाताना सोबत जा. बापाशीही बोला. झोप उडाली असेल, तेच दृश्य सारखं डोळ्यांपुढं येत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि ताजं भाजलं तर टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग दवाखाना.

मागच्या महिन्यात पुन्हा तशीच बातमी आली. ते तीन शब्द मी काढले. डेस्कवरून फोन आला, "कारण काय टाकू?" म्हटलं, गरम पाणी सांडलं, एवढंच टाक.

भाच्याच्या कोपराचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. दाजींना सुट्टी नाही. मी जातोय बहिणीबरोबर. भाची आमच्याकडं राहणार आहे.