तबकडीची साक्ष

विद्येचीं साधनें बदललीं म्हणजे विद्येचा स्वभावही थोडाफार बदलतो. बोरूनें लिहिणारा पंडित शब्द तोलून लिहीत असे, कारण चुकलेलें पान पुन्हां उतरून काढावें लागे. टंकयंत्र आलें तेव्हां हात धांवूं लागला. संगणक आल्यावर तर खोडण्याला कांहीं किंमतच उरली नाहीं. ह्या स्थित्यंतरांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्यांत एका वस्तूच्या वांट्याला अर्धें पानसुद्धां येणार नाहीं अशी आम्हांस शंका वाटते. ती वस्तु म्हणजे डीव्हीडी. ती आली केव्हां आणि गेली केव्हां, हें पुरतें कळण्याच्या आंतच ती अडगळींत पडली. पण आमच्या नांदेड-लातूरकडील किती तरी अभ्यासकांचा संसार दहा-पंधरा वर्षें ह्याच चकचकीत तबकडीवर चालला होता. आमचें निम्में आयुष्य लातुरास व निम्में नांदेडास अध्यापनांत गेलें, त्यामुळें हा संसार आम्हीं जवळून पाहिला आहे. त्याची हकीकत सांगणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम वस्तूची ओळख. निरनिराळ्या कारखानदारांनीं १९९५ सालीं एकमत करून हिचें स्वरूप ठरविलें व १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत ती विक्रीस आली. आरंभीं तिला ‘डिजिटल व्हिडिओ डिस्क’ म्हणत. पुढें तिच्यांत चित्रपटच काय, पण ग्रंथ, नकाशे, गाणीं, आंकडे सर्वच मावतें असें दिसल्यावर मधला शब्द बदलून तो ‘व्हर्सटाइल’, म्हणजे बहुगुणी, असा करण्यांत आला. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरहूनही किंचित् कमी. तेवढ्या जाडींत दोन पातळ चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या असतात आणि मजकूर त्यांच्या मधोमध असतो. त्याची रेघ आंतून बाहेर नागमोडी गुंडाळीसारखी जाते. दोन वेढ्यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही तीनचतुर्थांशाइतकें. ती रेघ उलगडून सरळ ताणली तर सुमारे १२ किलोमीटर भरेल. आमच्या शहरांतून विष्णुपुरीच्या विद्यापीठाला जाणारी वाट तिच्यांत सहज बसावी!

एका साध्या तबकडींत ४.७ गिगाबाइट माहिती राहते. हा आंकडा सामान्य वाचकास कांहींच सांगत नाहीं, म्हणून आम्हीं एकदां घरगुती हिशेब मांडला. तीनशे पानांचें मराठी पुस्तक अक्षरें जुळवून ठेविलें, तर अशीं अडीच-तीन हजार पुस्तकें एका तबकडींत मावतील. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाचें एक दालन. पण तींच पानें रंगीत छायाचित्रें म्हणून, कसलीही काटछांट न करतां ठेवावयाचीं झालीं, तर पुरतीं दोनशेंही मावणार नाहींत. आवाज असेल तर सात-साडेसात तास, आणि चलच्चित्र असेल तर सुमारे दोन तास. ह्या हिशेबांत संशोधनाचें एक मर्म दडलेलें आहे. शब्द स्वस्त असतो. पण पोथीच्या शाईचा रंग, बोलणाऱ्याचा कंठ, हातवाऱ्यांची लकब हीं महाग असतात. तीं महाग आहेत म्हणूनच पूर्वींचा संशोधक तीं सोडून देई व केवळ शब्द घेऊन घरीं येई. तबकडीनें त्याला प्रथमच ही चैन परवडूं दिली.

मग ती कोणकोणत्या शास्त्रांच्या उपयोगी पडली? आमच्या भागाचें आद्य दुःख पाणी, तेव्हां तेथूनच आरंभ करूं. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून उपग्रहानें टिपलेलीं चित्रें मागविलीं, तर तीं सीडी-डीव्हीडीवर येत. ज्यांत चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साडेतेवीस मीटर अशा त्या चित्रांवरून मांजरेचें पात्र, तेरणेचें खोरें, काळ्या जमिनीचा पट्टा व उघडा पडलेला मुरूम हीं भूगोलाचा विद्यार्थी आपल्या खोलींत बसून न्याहाळी. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण ती तहान एका वर्षांत उत्पन्न झाली नव्हती. तलाव कसे आटत गेले व ऊस कोठवर पसरला, हें निरनिराळ्या सालांचीं चित्रें शेजारीं-शेजारीं ठेवल्यावांचून सिद्ध होत नाहीं. जुन्या सालाचें चित्र जवळ असणें म्हणजेच पुरावा असणें.

दुसरें क्षेत्र भूकंपाचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन होऊन कांहीं तासही लोटले नव्हते तोंच, किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. दख्खनचें पठार स्थिर आहे ही शास्त्रज्ञांची समजूत त्या पहाटे डळमळली. पुढें भूभौतिकशास्त्रज्ञांनीं किल्लारीस खोल विवर घेतलें, तेव्हां सुमारे ३४० मीटर काळ्या कातळाखालीं जुना ग्रॅनाइटी पाया लागला. शास्त्राचें काम असें चालू असतां समाजशास्त्राचे अभ्यासक मात्र निराळीच खोदाई करीत होते. उठून गेलेल्या गांवांत कोणाचें घर कोणाच्या शेजारीं होतें, नव्या वसाहतींतल्या सरळ रस्त्यांवर म्हाताऱ्यांना करमतें कां, बायका पाण्याला कोणत्या वाटेनें जात, हें ते विचारीत फिरत. तेव्हां डीव्हीडी जन्मास यावयाची होती. तें सारें फितींवर घेतलें गेलें. पुढें फितींना बुरशी चढूं लागली तेव्हां ज्यांना सुचलें त्यांनीं तें तबकड्यांवर उतरविलें. जीं उतरविलीं गेलीं नाहींत तीं संभाषणें आतां कोणाला ऐकूं येणार नाहींत.

वैद्यकाची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. मेंदूचें अथवा मणक्याचें चित्र काढल्यावर काळ्या फिल्मबरोबर एक तबकडीही रोग्याच्या हातीं देण्याचा प्रघात पडला. फिल्मवर निवडक चित्रें असतात, तबकडींत सगळीं. शिवाय वैद्यकीय चित्रांची सर्वत्र एकच लिपि ठरलेली असल्यामुळें नांदेडची तबकडी पुण्याच्या वैद्यासही उघडतां येते. रोग्याच्या पिशवींतल्या ह्या तबकड्या म्हणजे उद्यांच्या वैद्यकाच्या अभ्यासाचा कच्चा माल होय.

परंतु आमचें मन ज्या क्षेत्रांत सर्वांत अधिक गुंतलें आहे तें भाषेचें. येथें एक जुनी उणीव वाचकांच्या नजरेस आणावयाची आहे. ग्रिअर्सनसाहेबांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीविषयींचा खंड १९०५ सालीं निघाला. पुढें १९१३ पासून बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही घेण्यांत आले, व ते आज जगांत कोणासही ऐकतां येतात. पण त्या पाहणीच्या कक्षेंतून मद्रास इलाखा व ब्रह्मदेश यांप्रमाणेंच हैदराबाद व म्हैसूर हीं संस्थानें वगळलेलीं होतीं. नांदेड आणि लातूर हीं दोन्ही त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. म्हणजे त्या मोठ्या ध्वनिसंग्रहांत आमच्या बोलीला दारच उघडलें नाहीं. आमच्या पणज्या कोणत्या हेलानें बोलत, तेलंगी व कानडीच्या सीमेवर देगलूर-निलंग्याकडे मराठीचे कोणते स्वर लांबत, उर्दूचा कोणता शब्द चुलीपर्यंत पोंचला होता, हें सांगणारी एकही तबकडी त्या संग्रहांत नाहीं.

म्हणून दुसरी तबकडी आली तेव्हां आम्हां शिक्षकांना मोठा उत्साह वाटला. कोणाचे विद्यार्थी बंजारा तांड्यावर गेले, कोणाचे माहूरगडाच्या पायथ्याशीं, कोणाचे औसा-उदगीरच्या बाजारांत. आमच्या कपाटांत अशा बत्तीस तबकड्या आहेत. त्यांत औसा तालुक्यांतील एका आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या निरक्षर होत्या. पण सासर-माहेर, पंढरी आणि पाऊस ह्यांवर त्यांना तीन-तीन तास गातां येई, आणि मध्येंच थांबून, “हें तुमच्या पुस्तकांत न्हाई गावायचं,” असें त्या हंसून म्हणत. त्या जाऊन बरींच वर्षें झालीं. गेल्या पावसाळ्यांत त्यांचा नातू आमच्याकडे आला. त्याच्या घरीं आजीचें छायाचित्र होतें, पण आवाज नव्हता. आपल्या लहान मुलीस तो ऐकवावा एवढीच त्याची इच्छा. नव्या संगणकाला तबकडीची खांचच नव्हती. जुनें यंत्र शोधून आणावें लागलें. आजीबाईंच्या दोन तबकड्यांपैकीं एक चालली. दुसरी यंत्रांत बराच वेळ घरघरली व रिकामी म्हणून बाहेर आली. तिच्यावरील हिरवट जांभळ्या झांकेंत कोणताही डाग दिसत नव्हता. पहिली ऐकतांना तो गृहस्थ कांहीं बोलला नाहीं, दुसरी बाहेर आली तेव्हां मात्र, “तिच्यांत काय होतं?” एवढें त्यानें विचारलें. आमच्या वहींत उत्तर होतें: माहेरच्या ओव्या, साडेतीन तास.

असें कां होतें हें जाणून घेणें अवश्य आहे. कारखान्यांत छापलेल्या तबकडींत मजकूर सूक्ष्म खळग्यांच्या रूपानें उमटविलेला असतो. घरीं लिहिलेल्या तबकडींत तसे खळगे नसतात. तिच्यांत सेंद्रिय रंगाचा एक थर असतो, व लेसरच्या किरणानें तो जागोजाग भाजून अक्षर उमटतें. रंग म्हटला कीं तो विटावयाचाच. मराठवाड्याचा उन्हाळा, पत्र्याच्या कपाटांतील ऊब, खिडकीचा उजेड, पावसाळ्यांतील दमट हवा हीं सर्व त्याचीं शत्रु. चांगल्या प्रतीच्या तबकड्या वीस वर्षें टिकलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत, आणि हलक्या प्रतीच्या पांच-सात वर्षांतच मुक्या झालेल्याही. होट्टलच्या मंदिरांतील चालुक्यकालीन शिलालेख झिजला तरी अर्धा वाचतां येतो. उरलेल्या अक्षरांवरून गेलेलीं ताडतां येतात. तबकडीची तऱ्हा निराळी. ती बरेच दिवस सर्व कांहीं सांगते, आणि पुढें एके दिवशीं कांहींच सांगत नाहीं.

“आतां सर्व जाळ्यावर आहे, ह्या जुन्या तबकड्यांचें काय कौतुक?” असें कोणी म्हणेल. आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमानें प्रबंधाची संगणकीय प्रत देणें बंधनकारक झालें व ‘शोधगंगे’वर लक्षावधि प्रबंध घरबसल्या वाचतां येऊं लागले, ही मोठीच सोय होय. पण तेथें जातो तो मुख्यतः प्रबंधाचा मजकूर. ज्या मुलाखतींवरून व ज्या गाण्यांवरून तो मजकूर लिहिला, त्या प्रबंधाच्या शेवटल्या पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या पाकिटांतच राहिल्या. निष्कर्ष जगापुढें आणि पुरावा पाकिटांत, ही अवस्था शास्त्राला शोभणारी नाहीं. दहा वर्षांनीं एखाद्या चिकित्सक विद्यार्थ्यानें निष्कर्ष तपासावयाचें म्हटलें, तर त्याच्या हातीं एक मुकी चकती येईल.

उलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रांत आहे. गी पॉइत्व्हँ व हेमा राईरकर ह्यांनीं खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, आणि कित्येक गायिकांचे कंठ फितीवर घेतले. परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांचा आवाज त्यांतलाच. हा सांठा त्या फितींच्या भरंवशावर सोडून दिला नाहीं. तो संगणकावर उतरविला, सूचीबद्ध केला, व २०१७ पासून ‘परी’ ह्या संकेतस्थळावरून तो लोकांस ऐकावयास मिळत आहे. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था ह्यांनीं मिळून बोलींचें जें नवें सर्वेक्षण केलें, त्यांतही मराठवाड्याचे जिल्हे आले. ग्रिअर्सनच्या वेळीं बंद असलेलें दार शंभर वर्षांनीं उघडलें. परंतु सर्वेक्षण आजचा आवाज टिपतें. वीस वर्षांपूर्वीं गेलेल्या माणसाचा आवाज तें कोठून आणणार? तो ज्या तबकडींत असेल त्याच तबकडींतून आणला पाहिजे.

ह्यास मोठा खर्च लागतो असें नाहीं. तबकडी वाचणारें एक बाहेरून जोडावयाचें यंत्र, एक-दोन साठवणयंत्रें आणि महाविद्यालयांतील चार उत्साही मुलें एवढ्यावर एका ग्रंथालयाचें काम उन्हाळ्याच्या सुटींत होऊं शकेल. प्रत मात्र एक नको. दोन कराव्या, दोन वेगळ्या गांवीं ठेवाव्या, आणि प्रत्येकीवर कोण बोलतें, कोठलें, कोणत्या सालचें हें लिहावें. निनांवी आवाज हा अर्धा मेलेलाच असतो. घरोघरींही लग्नमुंजींच्या तबकड्या असतील. त्यांत मांडवाच्या कोपऱ्यांत बसून गाणाऱ्या आत्याबाई असतील, व्याह्यांची जुन्या वळणाची थट्टा असेल. कुटुंबाला ती आठवण, भाषेच्या अभ्यासकाला ती सामग्री.

आमच्या कपाटांतील बत्तीसांपैकीं सत्तावीस तबकड्या आजवर उतरून झाल्या. तिघींनीं साफ नकार दिला. दोन अद्याप यंत्राची वाट पाहत आहेत. उतरविलेल्यांची एक प्रत लातुरास राहील व एक नांदेडास. आजीबाईंच्या नातवाला त्याच्या वांट्याच्या ओव्या पोंचल्या आहेत. त्याची मुलगी त्या ऐकून जातें म्हणजे काय असें विचारते, असें त्यानें कळविलें आहे. तिला दाखवावयास त्यानें गांवाकडून एक जातें मागविलें आहे.