मगरींच्या शेजारी पावसाळा

आपल्याकडे दिवाळीच्या फराळाची तयारी सुरू होते, तोवर छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. चेन्नईत मात्र नेमक्या त्याच सुमारास त्या बाहेर निघतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा. वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांत. मायदेशातली थंडी चुकवून, नारळीच्या सावलीत थोडी प्राणिसेवा करू, अशा बेताने येणाऱ्या परदेशी तरुणांची पहिली फसगत इथेच होते.

चेन्नईहून महाबलिपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, सुमारे ४० किलोमीटरवर वडनेम्मेली गावी मद्रास क्रोकोडाइल बँक आहे. होय, मगरींची बँक! न्यूयॉर्कला जन्मलेले, पण लहानपणीच मुंबईत आलेले रोम्युलस व्हिटेकर आणि मुंबईचे निसर्गप्रेमी झफर फतेहअली यांची कन्या झाई यांनी १९७६ साली ती उभी केली. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे भारतातल्या तिन्ही जातींच्या मगरी संपत आल्या होत्या. त्यांची वीण राखण्यासाठी ही ठेव. ती इतकी फळली, की पुढे जागेचीच चणचण भासू लागली.

इथे गेली अनेक वर्षे देशोदेशीचे स्वयंसेवक येत आले आहेत. आवारातली साधी खोली, मच्छरदाणी आणि रोजचे सांबार-रसम. मगरींशी झुंज वगैरे काही नाही. हातात येतो तो खराटा. कुंपणातला पालापाचोळा काढायचा, कासवांचे खाणे चिरायचे, टाक्या घासायच्या. उघडीप असली की आणखी एक काम. मगर जिवंत आहे की पुतळा, हे पाहण्यासाठी दगड मारणाऱ्या पाहुण्यांना आवरायचे! हे काम सर्वांत अवघड, कारण तमिळ येत नाही आणि रागावून चालत नाही.

पाऊस लागला की कपडे आठवडाभर वाळत नाहीत, चामडी बुटांवर बुरशी चढते, वीज केव्हाही जाते. रात्री खोलीबाहेर पडताना बॅटरी हवीच. बिळात पाणी शिरले की साप वर येतात. मगरींची भूकही मंदावते. बाहेरच्या उबेवरच त्यांचे पचन चालते, त्यामुळे गारठ्यात त्या अन्नाला फारसे तोंड लावत नाहीत. आपण दिलेले खाणे तसेच पडलेले पाहून नवखा स्वयंसेवक धास्तावतो. जुने 'अण्णा' नुसते हसतात.

खरी काळजी वेगळीच. पावसात पर्यटक येत नाहीत, आणि मगरींचे पोट बरेचसे तिकीटबारीवर चालते. २०२० च्या टाळेबंदीत फाटक बंद झाले, तेव्हा संस्थेला लोकांपुढे मदतीसाठी हात पसरावा लागला होता. वादळ आले तर दुसरी धास्ती: झाड कुंपणाच्या भिंतीवर पडले तर? डिसेंबर २०१५ च्या महापुरात तर इथल्या मगरी सुटून शहरात शिरल्याची आवई उठली. एकही मगर बाहेर गेली नव्हती, पण बुडत्या शहराला ते पटवताना संस्थेच्या नाकी नऊ आले.

याच आवारात १९७८ पासून इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढून ते लस बनवणाऱ्यांना दिले जाते. कोकणातल्या शेतकऱ्याला सर्पदंशावर टोचलेल्या लशीमागेही बहुधा याच मंडळींची मेहनत असते. परदेशी मुले त्यांच्याकडे थक्क होऊन पाहतात. गंमत म्हणजे, २०१७ मध्ये इरुळांपैकी मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल हे दोघे अजगर शोधून द्यायला थेट अमेरिकेत, फ्लोरिडाला गेले होते! २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

जानेवारीत पोंगल येतो आणि आभाळ निवळते. फाटकाशी पुन्हा सहलीच्या बस लागतात. मगरीच्या माद्या अंडी घालायला वाळू उकरू लागतात, त्या त्यानंतर, फेब्रुवारीच्या सुमारास. पावसाळाभर खराटा मारणारी परदेशी मुले तोवर बहुधा आपापल्या घरी पोचलेली असतात.