बुलेटची धडधड

काही यंत्रे डोळ्यांनी ओळखावी लागतात. काही नुसत्या कानांनी ओळखू येतात. माझे बालपण मालेगावात गेले. तिथे यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालू असे. त्या आवाजातही गल्लीच्या टोकाला बुलेट मोटारसायकल आली, की तिची धडधड वेगळी ऐकू येई. हा आवाज असाच का, हे मला मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये समजले. गॅरेजच्या मालकांना सगळे 'उस्ताद' म्हणत. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. पण इंजिनाची नाडी त्यांना अचूक कळे.

मी नववीत असताना त्यांनी मला एक उघडलेले इंजिन दाखवले. म्हणाले, "बेटा, या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आहे. पण आत पिस्टन किती धावतो? ९० मिलिमीटर! धाव लांब, म्हणून चाल संथ. त्याला जोडलेले हे जड चाक बघ. याच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोलचा भडका होतो. म्हणून प्रत्येक ठोका मोजता येतो."

घरी जाऊन मी वहीत गणित मांडले. त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर, उंची नऊ. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरताच उत्तर आले, ३४६.५ घन सेंटिमीटर! लोक या गाडीला 'साडेतीनशे' का म्हणतात, ते उमगले. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तो कागद कौतुकाने भिंतीवर, पान्यांच्या शेजारी चिकटवला.

बुलेट मूळची इंग्लंडची. रेडिच या गावातील रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ मध्ये हे नाव प्रथम वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची नवी रचना झाली. त्या काळी बऱ्याच मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला पक्के जखडलेले असे. नव्या बुलेटच्या मागच्या चाकालाही स्प्रिंगांचा आधार मिळाला. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर धक्के कमी बसू लागले. भारतीय सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी अशीच गाडी हवी होती. म्हणून १९५५ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. पुढे इंग्लंडमधील मूळ कंपनी बंद पडली. येथील कारखाना मात्र चालू राहिला. १९७७ मध्ये तर भारतात तयार झालेली बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली!

जुनी बुलेट सुरू करणे ही एक कलाच होती. किक हळूहळू दाबायची. दिव्याजवळच्या छोट्या मीटरचा काटा मध्यावर आला, की हँडलवरची लहान कळ ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा. पिस्टन थोडा पुढे सरकला, की कळ सोडून किक मारायची. घाई केली तर किक उलटून पायावर बसे. उस्ताद म्हणत, "बेटा, ताकद दाखवू नकोस. वेळ ओळख."

२००८ पासून नवे इंजिन येऊ लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात बसले. उजव्या पायाकडचा गिअर डावीकडे गेला. उस्तादांनी तेव्हा साठी ओलांडली होती. लोक म्हणू लागले, "आता दुकान बंद करा. हे तुमच्या हातचे काम नाही." मी सुट्टीत गावी गेलो, तेव्हा उस्ताद गप्प गप्प होते. मग त्यांनी नव्या इंजिनाचे इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवले. "बेटा, वाचून समजावून सांग. अक्षरे तुझी, हात माझे."

आठ दिवस मी वाचत होतो आणि ते ऐकत होते. सिलिंडरचे माप निघाले तेच, ७० आणि ९०. ते ऐकून उस्ताद हसले. म्हणाले, "म्हणजे हिचा जीव ओळखीचाच आहे!" नवव्या दिवशी त्यांनी इंजिन खोलले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडून सुरू केले.

शिकण्याचे वय निघून गेले, असे कोणी म्हणाले, की मला उस्तादांचे ते तेलकट हात आठवतात.