आमच्या बैठकीचा रंग

घराला रंग देणे या विषयावर मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. पण गेल्या दिवाळीपासून नातेवाइकांचे इतके फोन आले की म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "वहिनींनी बैठकीला गुलाबी रंग दिला म्हणे?" हो, दिला. गुलाबी आणि राखाडी. का आणि कसा, ते सांगते.

ज्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं... देऊळघाट हे बुलढाण्याजवळचं, पैनगंगेकाठचं गाव. तिथे आमचं तीन खोल्यांचं घर. बैठक दहा बाय बारा फूट. त्यात एक दिवाण, दोन खुर्च्या, टीव्ही आणि एक खिडकी. पाच पाहुणे आले की सहावा बाहेर ओट्यावर बसतो.

माझ्या लहानपणी दर दिवाळीआधी घराला चुना लागायचा. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो रटरट उकळायचा, आम्हा पोरांना जवळ जायची बंदी. मग त्यात थोडी नीळ. ओला चुना भिंतीवर अगदीच मळकट दिसतो. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि घट्ट, पांढरा होतो. खाली गेरूचा पट्टा. पुढे बाबांनी डिस्टेंपर आणला, आधी आकाशी, मग पिस्ता. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला तो खोडकर गट्टू आठवतो ना? त्याचं चित्र असलेला डबा आमच्या अंगणात कितीतरी वर्षं पाणी भरून ठेवलेला असायचा.

आकाशी कुणी निवडला? बाबांनी. पिस्ता? बाबांनीच. आईला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं असं तिलाही वाटलं नसावं.

२०२१ मध्ये बाबा गेले. त्यानंतर आईच्या साड्यांचे रंग एकेक करून उतरत गेले. राखाडी, करडा, मग राखाडीवर बारीक पांढरी फुलं. "हे नेसू नको" असं तिला कुणीही म्हटलं नाही. म्हणावं लागतच नाही हो! लग्नाच्या आहेरात तिच्या वाट्याला साडीच तशी येते. दुकानात गेलं तर दुकानदार "आजींसाठी ना?" म्हणत तोच गठ्ठा सोडतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं करायला सांगितलं. मी आईला ती बातमी वाचून दाखवली. "बरं केलं," एवढंच म्हणून ती भाकरी थापत राहिली. ठरावात साडीच्या रंगाचंही काही नव्हतं आणि भिंतीच्याही.

गेल्या पावसाळ्यात बैठकीच्या एका भिंतीला ओल आली, पोपडे निघाले. रंग देणं भागच होतं. मी पुण्याहून फोनवर विचारलं, "आई, कोणता द्यायचा?" नेहमीप्रमाणे "तुम्हाला आवडंल तो" असं उत्तर येईल, असं मी धरूनच चालले होते. ती म्हणाली, "मले गुलाबी पाहिजे." आणि मी काही बोलायच्या आत, "बैठकीत. सैपाकघरात नाही."

मोठे काका अर्थातच म्हणाले, "आता या वयात गुलाबी? निदान आतल्या खोलीत द्या." त्यांचा राग नाही मला. पण आतल्या खोलीतला रंग कुणाला दिसणार? आईला तो दिसायलाच हवा होता.

आता कामाचं. आमचे पेंटर चाचा चाळीस वर्षं गावात रंगकाम करताहेत. ते म्हणाले, पहिल्यांदा ओल. ओल्या भिंतीवर कितीही महाग रंग लावा, पाणी आतून त्याला ढकलतं आणि वर्षात पोपडे पुन्हा हजर. म्हणून ओट्याकडची भेग बुजवली, खराब गिलावा खरवडून नवा केला आणि दिवाळी तोंडावर येईपर्यंत भिंत वाळू दिली.

मग गुलाबी कोणता? झगझगीत राणी रंगाला चाचांनी साफ नकार दिला. दारातून दुपारचं ऊन थेट आत येतं, आणि तसल्या रंगांतली बरीच रंगद्रव्यं उन्हात उडतात. त्यांनी मातकट गुलाबी सुचवला. त्यातला लाल लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या गेरूचाच! ऊन त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. गेरूत भरपूर पांढरा घातला की हा गुलाबी. काजळीत भरपूर पांढरा घातला की राखाडी.

राखाडी चाचांनी सुचवला, तोही अगदी व्यवहाराच्या कारणाने. खाली बसणारी माणसं भिंतीला टेकतात आणि डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. म्हणून खालचे तीन फूट पुसता येणारा राखाडी ऑइलपेंट, वर गुलाबी, छत पांढरं. इतक्या लहान खोलीत छतापर्यंत पांढरा गेला नाही की खोली अंगावर येते. गुलाबीचा चार लिटरचा एक डबा आणि राखाडीचे एक-एक लिटरचे दोन, एवढ्यात काम झालं.

एक गंमत मात्र झाली. राखाडी पट्टा वाळल्यावर आई म्हणाली, "हिरवट दिसते नं?" डब्यात पाहिलं तर रंग बरोबर. फ्रान्समध्ये गोबलँ इथल्या गालिच्यांच्या कारखान्यात शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८३९ मध्ये पुस्तकच लिहिलं, की शेजारचा रंग आपल्याला रंगाचं रूप बदलून दाखवतो. गुलाबीजवळ राखाडी ठेवला की डोळ्याला त्यात हिरवट छटा भासते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग माझ्या साड्याही हिरव्या दिसतीन इथं बसल्यावर." मग आम्ही पांढऱ्याफटक एलईडीच्या जागी पिवळसर उजेडाचा बल्ब लावला. संध्याकाळी आता गुलाबी चांगला उठून दिसतो.

बाबांचा फोटो कुठे लावायचा, हा प्रश्न कुणी उघड बोललं नाही. पण मी, काका, चाचा, सगळेच त्याभोवती फिरत होतो. तो आतल्या खोलीत न्यावा असं काकांच्या मनात होतं. आईने स्टूल ओढलं, खिळ्याची जागा बोटाने दाखवली. दिवाणासमोरची भिंत, गुलाबी भागाच्या बरोबर मध्यभागी. "तिथं त्याईले पंख्याची हवा लागंल," म्हणाली. यावर कोण काय बोलणार!

भाऊबीजेला आत्या आली. तिला तर काका जाऊन बावीस वर्षं झाली. ती बराच वेळ भिंतीकडे पाहत बसली. चहा झाला, फराळ झाला. निघताना चप्पल घालता घालता तिने आईला विचारलं, "वहिनी, खर्च किती आला?" आईने तिला डब्यावरचा शेडचा नंबर कागदावर लिहून दिला. आत्याने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. तिच्या घराला अजून रंग लागलेला नाही, कागद मात्र आहे म्हणते.

असो. सध्या दिवाणाच्या उशांचे अभ्रे कोणत्या रंगाचे, यावर फोनवर वाद चालू आहे. मी राखाडीच्या बाजूने आहे. आई ऐकेलसं वाटत नाही.