टाकीखालची ऊब

प्रिय चिन्मय,


सापाला शरीराची ऊब बाहेरून मिळवावी लागते. बॉल पायथन हा मूळचा घाना, टोगो, बेनिन या भागांतला. ब्रिटनमधल्या गार खोलीत तो पाळायचा, तर टाकीच्या एका टोकाला कायम ऊब लागते. ती कमी पडली की अन्न पचत नाही आणि गिळलेला उंदीर साप ओकून टाकू शकतो. यासाठी काचेच्या टाकीखाली बाहेरून हीट पॅड लावतात.

पॅड तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, एकाच टोकाला असावा. पूर्ण तळ तापला, तर सापाला गारव्याला जायला जागा उरत नाही. उबदार टोकाला तळ ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश, एवढा फरक हवा. दोन्हीकडे लपायला जागा द्यावी. फक्त उबदार टोकाला असली, तर भित्रा साप आडोसा सोडायचा नाही म्हणून नको तेवढ्या उष्णतेतही बसून राहतो.

पॅड दिसायला साधा, पण त्याला स्वतःला कुठे थांबायचे ते कळत नाही. उष्णतेला वाट मिळाली नाही, तर वरची काच ५० अंशांपलीकडे जाऊ शकते. रानात ऊन वरून येते. फार तापले की साप बिळात, खाली जातो. इथे आग खालीच असते. गारव्यासाठी तळावर अंथरलेला भुसा उकरत गेलेला साप थेट तापलेल्या काचेवर पोटाने टेकतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, तरीही या जातीचे साप पॅडवर भाजतात. भुशाचा थर जाड केला म्हणून धोका टळत नाही. उलट उष्णता खाली कोंडते.

म्हणून थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याच्या सेन्सरची जागा नीट निवडायला हवी. पॅड आणि काच यांच्या मध्ये, पॅडच्या बरोबर वर सेन्सर पक्का बसवला, की साप तो हलवू शकत नाही. टाकीच्या आत ठेवलेला सेन्सर सापाच्या अंगाने सरकतो, गार कोपऱ्यात पडतो, आणि थर्मोस्टॅट ‘अजून गारच आहे’ असे समजून पॅड पूर्ण जोरात चालू ठेवतो. बहुतेकांचे लक्ष पॅडच्या वॅटवर असते. घात मात्र या सरकलेल्या सेन्सरने होतो.

सेन्सर काचेखाली असला, की आतला आकडा थोडा वेगळा येतो. तो इन्फ्रारेड थर्मामीटरने भुसा बाजूला करून थेट काचेवर मोजावा आणि त्याप्रमाणे थर्मोस्टॅट लावावा. टाकीच्या भिंतीला चिकटवायचा गोल तापमापक हवेचा अंदाज देतो, तळाचा नाही.

टाकीखाली रबरी पाय लावून हवेला फट ठेवावी. पॅड दुमडू नये, त्यावर पाणी सांडू देऊ नये, वायर पिळलेली किंवा करपलेली दिसली तर तो टाकून द्यावा. लाकडी पेटीखाली पॅड लावू नये. लाकडातून उष्णता वर नीट पोचत नाही. पॅडने हवाही फारशी तापत नाही, तेव्हा कडाक्याच्या थंडीत वरून वेगळी सोय करावी लागते. तिलाही थर्मोस्टॅट हवाच.

पोटावरचे खवले तांबूस किंवा तपकिरी झाले, फोड आला, तर पॅड बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे. थर्मोस्टॅट बसवून काचेचे तापमान तपासल्याशिवाय मात्र साप टाकीत सोडू नकोस.

तुझा,
काका