पहूरचा फाटा आणि थंडीतली सायकल

मंडळी, जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालात की वाटेत पहूर लागते. अजिंठ्याच्या डोंगरातून आलेली वाघूर इथे भेटते, जामनेरचा रस्ताही इथेच फुटतो. २०२० पर्यंत पाचोरा-जामनेरची छोटी गाडीही इथे थांबत असे. थंडीतल्या सकाळी मात्र जरा रस्त्याकडे बघा. कापसाच्या गाड्या, एस.टी., पर्यटकांच्या मोटारी, आणि त्यांच्या कडेकडेने शाळेला निघालेली सायकलवरची पोरे.

नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मीही याच रस्त्याने सायकलवर शिवारात जात असे. एकदा मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला होता. मागचा ट्रक भोंगा वाजवून दमला, मला ऐकूच आले नाही. शेवटी कडेच्या चारीत पडलो. गुडघा फुटला, जीव वाचला. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच!

तेव्हा पोराला टोपी घाला, पण कान अगदी बंद करू नका. मफलरची टोके स्वेटरच्या आत खोचा. लोंबते टोक चाकात गेले की पोर तोंडावरच आपटते.

"पोरगं वाढतंय, मोठीच सायकल घेऊ," असे आपण म्हणतो. सदरा सैल चालतो हो, सायकल नाही. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. धुक्यासाठी मागच्या मडगार्डाला लाल रिफ्लेक्टर लावा. आणि ब्रेकचे रबर आज संध्याकाळीच बघा. माझ्याच मुलाच्या सायकलचे पार झिजलेले निघाले, आणि मी गावोगाव उपदेश करीत फिरत होतो.